दारात उभी राहिलेली

आमच्या खारेपाटणाहून समुद्र दिसत नाही. विजयदुर्गची खाडी पंचवीसेक मैल आत येते, तेव्हा कोठे आमचे गाव लागते. एके काळी गलबते येथवर येत. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि मुंबई-गोवा हमरस्त्याने राहिलासाहिला व्यवहार आपल्याकडे ओढून घेतला. तरीदेखील येथे सापडलेल्या शिलाहार राजा अनंतदेवाच्या ताम्रपटाविषयी मी दर वर्षी वर्गात सांगतो. हा ताम्रपट शके १०१६ चा, म्हणजे इ. स. १०९४ चा. भाभण श्रेष्ठी आणि धनाम श्रेष्ठी या दोघा भावांची गलबते ठाणे, सोपारा, चौल या बंदरांत आली तर त्यांना जकात माफ, असा त्याचा मतलब. यंदा एका मुलीने मध्येच विचारले, "गुरुजी, त्येंच्यो बायलो खंय होत्यो?" वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही सुटेना. कारण त्या दिवसांत मी एका नवराबायकोच्या दर्यावर्दी प्रवासाचे पुस्तक वाचत होतो.

पुस्तक माइल्स स्मीटन यांचे, 'वन्स इज इनफ', १९५९ सालचे. बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते आणून दिले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, तेव्हा शेजारी कोश ठेवून रोज चार-पाच पाने वाचायची आणि रात्री जेवणे झाली की ती पत्नीला सांगायची, असा क्रम पडला. माइल्स हे हिंदुस्थानी फौजेतील हॉडसन्स हॉर्स या घोडदळातले जुने अधिकारी. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी बेरिल यांनी 'त्सू हांग' नावाची सेहेचाळीस फुटी शिडाची नौका घेतली आणि तिलाच घर केले. १९५६ च्या डिसेंबरात ती दोघे, जॉन गझवेल नावाचा तरुण सोबती आणि एक सयामी मांजर मेलबर्नहून निघाली. जायचे होते इंग्लंडला, तेथे शिकणाऱ्या मुलीकडे. पण वाट धरली केप हॉर्नची!

१४ फेब्रुवारी १९५७ रोजी एका प्रचंड लाटेने नौका पालथी केली. सुकाणूवर त्या वेळी बेरिल होती. ती समुद्रात फेकली गेली, डोलकाठ्या मोडल्या, छपराचा भाग उडाला आणि आत पाणीच पाणी झाले. मोडून तरंगणाऱ्या काठीकडे ती पोहत आली, आणि दोघा पुरुषांनी तिला वर ओढून घेतले. खांदा दुखावलेला असताना तीच बाई बादल्या शोधून पाणी उपसू लागली. गझवेल सुतारकामात तरबेज. त्याने भोके बुजवली, फळ्यांच्या तात्पुरत्या काठ्या उभारल्या आणि त्यांच्यावर हजाराहून अधिक मैल काटून ती चिलीच्या किनाऱ्याला लागली. डिसेंबरात पुन्हा निघाली ती दोघेच. आणि पुन्हा एकदा नौका उलटली.

हे ऐकून पत्नीने विचारले, "पयल्या वेळी सुकाणू तिच्याच हातात होता मा?"

"हो."

"मगे तुमच्या कादंबरीतली तुळशी दारात उभी ऱ्हवान काय करता?"

या प्रश्नापाशी मला थोडे थांबले पाहिजे. माझ्या पहिल्या कादंबरीतला तांडेल नवरा पडाव घेऊन जातो, आणि त्याची बायको तुळशी, दिवा हाती घेऊन, दारात उभी राहते. पानोपानी उभी राहते. परीक्षणकारांनी त्या चित्राचे कौतुक केले, आणि मलाही ते खरेच वाटत होते. पण ते चित्र मी आयुष्यातून घेतले नव्हते. वाचलेल्या पुस्तकांतून घेतले होते.

आपल्या साहित्यात समुद्र पुष्कळ आहे. पण तो बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावरून सागराला साद घातली, तेव्हा तो मातृभूमी आणि तिचा पुत्र यांच्यामध्ये आडवा पडलेला विरह होता. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त (१९६६) तो गूढ शक्ती होऊन येतो. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'त (१९५२) हर्णै-मुरुडकडची माणसे आहेत. बापू आणि राधा ही जोडी तर मराठी कादंबरीतल्या निर्भय जोड्यांपैकी एक. गावाच्या नाकावर टिच्चून ती एकत्र राहतात. परंतु त्यांची झुंज वाडीत आणि गावात. समुद्र शेजारी असून त्यात दोघांनी शीड उभारले आहे, असे काही घडत नाही. या थोर लेखकांना मी दोष देत नाही. त्यांचे विषय निराळे होते. दोष माझ्यासारख्याचा, ज्याने विषयच पडावाचा घेतला आणि अर्धे माणूस बंदरावर ठेवले.

कोणी म्हणेल, हौसेने शीड उभारणे हा श्रीमंतांचा खेळ. आपल्याकडे होडी पोटासाठी. हे खरे आहे. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्या किनाऱ्याने असे दिवस पाहिले, त्याला पाण्यावरच्या सहलीचे कौतुक सांगणे सोपे नाही. पण पोटासाठी असलेल्या होडीत बायको नसते, हे मात्र खरे नव्हे, आणि याला पुरावा माझ्याच घरात होता.

माझे आजोबा दुसऱ्याच्या पडावावर तांडेल होते. कौले आणि मीठ यांची ने-आण असे. एकदा आजी त्यांच्याबरोबर विजयदुर्गापर्यंत गेली. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर उतरायचे, दुपारी खारा वारा सुटला की परतायचे, अशी तीन दिवसांची फेरी. आजोबा ही हकीकत सांगत, तेव्हा आजी तिच्यात भात रांधी आणि भिई. आजी सांगे तेव्हा वाघोटनच्या पुढे वारा फिरलेला असे, खलाशी आजारी पडलेला असे, आजोबा शीड उतरवायला पुढे गेलेले असत आणि सुकाणू तिच्या काखेत असे. "दोन घटका," ती म्हणे. लहानपणी मी दोन्ही हकिकती ऐकल्या, आणि कादंबरी लिहिताना आजोबांची उचलली.

स्मीटन यांच्या पुस्तकाचे मोठेपण मला येथे वाटते. ते नवऱ्याने लिहिले आहे, आणि तरी त्याने सुकाणू बायकोच्या हातून काढून घेतलेले नाही. तिच्या धैर्याचे गोडवेही तो गात बसत नाही. काय झाले ते सांगून पुढे जातो. पुस्तकात उणीव नाही असे नव्हे. पाण्यात पडल्यावर बेरिलला काय वाटले, हे आपल्याला अखेर नवऱ्याच्या संयमी इंग्रजीतूनच कळते, आणि तो संयम कित्येकदा अंगावर येतो. तिला लिहिता येत नव्हते म्हणावे तर तसेही नाही. 'द स्टार्स माय ब्लँकेट' (१९५४) हे तिचे प्रवासवर्णन या पुस्तकाच्याही आधीचे. शिवाय नौका दुसऱ्यांदा उलटते तो भाग पहिल्यापुढे फिका पडतो. गझवेल नसल्यामुळे केवळ दोघांतच काय बोलणे झाले, काय भांडण झाले, हे वाचायला आपण आतुर असतो. लेखक तेथे दोऱ्या आणि फळ्या यांतच रमतो.

बाहेर जग मात्र पुढे गेले आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाल्या आणि प्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परत आल्या. अगदी जवळचे सांगायचे तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीने कांदळवन दाखवतात. नवपरिणीत जोडपी मध्ये बसतात, आणि वल्हे गावच्या बाईच्या हातात! यातले एकही चित्र माझ्या लेखणीला सुचले नाही.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. तुळशीला पडावात घेतले तर सातवे प्रकरण सगळे नव्याने लिहावे लागेल आणि नवव्यातला तिचा विलाप काढून टाकावा लागेल. प्रकाशक म्हणतात, वाचकांना तो विलापच आवडतो. पत्नीने यावर काही मत दिले नाही. तिने वाघोटनच्या एका नात्यातल्या माणसाकडे होडीची चौकशी केली आहे. तुळशीच्या लग्नानंतर एखाद्या पहाटे विजयदुर्गापर्यंत जाऊन यायचे ठरते आहे. काल तिने विचारले, तुम्हाला पोहता येते का? मला येत नाही. तिला येते.