उन्हाळ्यातील द्राक्षबाग आणि आपले प्रवासलेखन

दिल्लीत लू वाहू लागली की आपल्यापैकी अनेकांना पंजाब मेलचे वेळापत्रक आठवते. पूर्वी ही रजा आंबे, लग्नकार्ये आणि देवदर्शन यांतच संपत असे. अलीकडे तीत नाशिकच्या वाइन-उत्पादकांकडे मित्रांसमवेत एक फेरी मारण्याची भर पडली आहे, आणि परतल्यावर त्या फेरीचे वर्णन लिहिण्याचीही. अशी वर्णने पुरवण्यांतून व दिवाळी अंकांतून आम्ही बरीच वाचली. त्यांविषयी आमची तक्रार मद्यपानाच्या नीतिअनीतीची नाही. ती निव्वळ वाङ्मयीन आहे. लेखक तेथे जातो, परंतु पाहत नाही.

मे महिन्यातील सहलीच्या या वर्णनांत घोसांनी लवलेल्या वेली हमखास भेटतात. वस्तुतः नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्चमध्ये आटोपते आणि एप्रिलात खरड छाटणी होते. मे महिन्यात तारांवर दिसतात त्या केवळ कोवळ्या फुटी. घोस औषधालाही नसतो. युरोपात मात्र उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत फळ वेलीवर असते. तेथील प्रवासवर्णनांतून आमच्या लेखकाने उन्हाळा उसना घेतला आणि त्याबरोबर घोसही!

मग मे महिन्यात पाहण्याजोगे काहीच नसते काय? आम्ही दोघा स्नेह्यांसह याच दिवसांत दिंडोरीकडे हिंडत होतो. भर उन्हात पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायका फुटींची विरळणी करीत होत्या. बागेचा मालक म्हणाला, “साहेब, पुढचा घड आत्ताच डोळ्यात बसतोय.” वेलीवरील कळीला बागाईतदार डोळा म्हणतात. खरड छाटणीनंतरच्या कडक उन्हात या डोळ्यांत पुढील हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात, आणि ते ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या फळछाटणीनंतर बाहेर पडतात. एवढे नाट्य समोर चालले असताना आमचे लेखक गार तळघरात पेला उजेडाकडे धरून उभे असतात.

त्या पेल्याविषयीही ते स्वतःच्या जिभेने बोलत नाहीत. एके ठिकाणी मार्गदर्शक तरुणाने तांबड्या वाइनमध्ये चेरी, ओक आणि व्हॅनिला शोधावयास सांगितले. आम्ही माना डोलावल्या. आमचे सातारकर स्नेही मात्र म्हणाले, “अहो, ही तर जांभळाची बी चावल्यासारखी तुरट लागते!” आम्ही हसलो, ते चुकले. साली-बियांसह रस आंबविल्यामुळेच तांबड्या वाइनला तुरटपणा येतो. तेव्हा त्या दिवशीची खरी रसचिकित्सा त्या एका वाक्यातच झाली. ज्या भाषेपाशी आंबूस, तुरट, उग्र, मधुर असे शब्द आहेत, तिने चेरीसाठी ताटकळत का बसावे?

याचे मूळ कदाचित आपल्या वाङ्मयातच असेल. मित्रमंडळींच्या मद्यपानाचे मराठीतील सर्वांत परिचित चित्र म्हणजे १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तील तळीरामाचे आर्यमदिरामंडळ, आणि ते उपहासाचे आहे. गडकऱ्यांचा तो अधिकार होता. परंतु त्यानंतर आम्हांस या विषयावर एक तर उपदेश सुचतो, नाहीतर जाहिरात. त्यापूर्वीची परंपरा एवढी आखडलेली नव्हती. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात पारसीकांवर विजय मिळविलेले रघूचे योद्धे द्राक्षवेलींनी वेढलेल्या भूमीवर अजिने अंथरून मधुपान करतात. श्रम, भूमी आणि पेय ही तिन्ही कालिदासाने एका श्लोकात बसविली आहेत. कौटिल्य तर त्याहून काटेकोर. द्राक्षरसाच्या मधूला त्याच्या देशावरूनच ओळखावे असे सांगून तो कापिशायन व हारहूरक ही नावे देतो. यांतील कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेचा प्रदेश.

नाशिकच्या या उद्योगाचा बोलबाला तसा अलीकडचा. ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले. एवढ्या अवधीत ‘सुला’च्या एका तांबड्या वाइनला दिंडोरीचे नाव मिळाले आहे. बाटलीवर चिठ्ठी चिकटविणाऱ्या व्यापाऱ्यास कौटिल्याची रीत सुचली. आमच्या वाचनातील प्रवासवर्णनांत दिंडोरी आढळते ती फक्त मोटारीच्या मार्गातील एक थांबा म्हणून.