आईच्या भुवया

डोरिस मान इस्पितळातल्या खाटेवर बसली आहे. दारू पिऊन गाडी चालवली, गाडी झाडावर आदळली, आणि बातमी फुटल्यामुळे बाहेर पत्रकार ताटकळत उभे आहेत. विग नाही, मेकअप नाही, केस विरळ झालेले. जन्मभर नटी म्हणून मिरवलेली बाई इथे पहिल्यांदा म्हातारी दिसते. मुलगी सुझान येते. दोघींचं बोलणं होतं, पण आपलं लक्ष खिळतं ते सुझानच्या हातातल्या पेन्सिलीवर. ती आईच्या भुवया काढते, चेहरा रंगवते, डोक्याला रुमाल बांधते. थोड्या वेळाने डोरिस ताठ मानेने बाहेरच्या गर्दीला सामोरी जाते.

‘पोस्टकार्ड्‌स फ्रॉम द एज’ (1990) या चित्रपटाचा जीव या प्रसंगात आहे, आणि कादंबरीत हा प्रसंगच नाही. कादंबरी कॅरी फिशरची, 1987 सालची. पटकथाही तिचीच. दिग्दर्शक माइक निकोल्स, सुझान मेरिल स्ट्रीप, डोरिस शर्ली मॅक्लेन. ‘स्टार वॉर्स’मधली राजकन्या लिया म्हणून जगाने ओळखलेली कॅरी ही ‘सिंगिंग इन द रेन’च्या डेबी रेनल्ड्‌सची मुलगी. गोळ्यांच्या अतिसेवनाने ती मरणाच्या दारात पोचली, तिथून परत आली, व्यसनमुक्ती केंद्रात राहिली, आणि त्यातून ही कादंबरी आली.

कादंबरीवरचा चित्रपट जोखताना आपण एकच फूटपट्टी काढतो: मुळाशी इमान राखलं का? इथे ती निरुपयोगी आहे, कारण मूळ मोडणारी लेखिकाच आहे. कादंबरीची सुरुवात पोस्टकार्डांनी होते. मग केंद्रातल्या दिवसांची टिपणं येतात आणि सुझानच्या आवाजात अ‍ॅलेक्स या कोकेनच्या आहारी गेलेल्या लेखकाचा आवाज मिसळत जातो. आई त्यात जवळजवळ नाहीच. पुस्तकातली सुझान स्वतःशी बोलते, स्वतःलाच फसवते, आणि ते वाचकाला ऐकू येतं. पडद्यावर मात्र तिने खोटं कुणाशी तरी बोलायला हवं, काही तरी कुणापासून तरी लपवायला हवं. फिशरने हे ओळखलं आणि समोर आईला आणून उभं केलं. स्वतःच्या पुस्तकावर एवढ्या निर्दयपणे कात्री चालवणारे लेखक थोडे.

आईला घरात आणायची युक्ती तर अचूक आहे. केंद्रातून बाहेर पडलेल्या सुझानला नवा चित्रपट मिळतो, पण विमा कंपनीची अट असते: चित्रीकरण संपेपर्यंत तिने कुणा जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली राहायचं. तो जबाबदार माणूस म्हणजे रोज दारू पिणारी आई! प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला कळतं की या धंद्यात नटीचं आजारपण आधी विम्याची जोखीम असतं, दुःख नंतर. सुझानच्या शरीराबद्दल चाललेली कुजबुज तिच्या कानावर पडते, तेव्हाही हेच.

मला त्याहून खोल वाटतो तो डबिंगचा प्रसंग. नशेत असताना केलेल्या कामाला सुझानने आता शुद्धीत आवाज द्यायचा आहे. पडद्यावर तिचाच भलामोठा, धुंद चेहरा. समोर माइकपाशी ती, लहानशी. पूर्वी तिच्यावर भडकलेला दिग्दर्शक (जीन हॅकमन) इथे तिच्याशी मायेने बोलतो. आपल्याच बिघडलेल्या रूपाकडे डोळे उघडे ठेवून पाहायचं आणि काम पुरं करायचं, बरं होणं म्हणजे काय हे यापेक्षा नेमकं दाखवलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

चित्रपट उणा पडतो तो आजाराच्या बाबतीत. सुझानला व्यसन आहे, पण व्यसनाखालचं मन कसलं, हा प्रश्न पटकथा टाळते. बायपोलर आजाराचं निदान कॅरीला विशीतच सांगितलं गेलं होतं आणि ते पचवायला तिला काही वर्षं लागली. चित्रपटात मात्र सगळा भार मायलेकींच्या भांडणावर पडतो आणि ‘आईने मुलीला बिघडवलं’ असा सोपा निष्कर्ष काढायला वाट मिळते. शेवटचं गाणं स्ट्रीपने झोकात म्हटलं आहे, पण इतक्या लवकर इतकं सगळं सावरलेलं मनाला पटत नाही. अ‍ॅलेक्सला वगळल्याने व्यसनाची ती बेफाम, केविलवाणी धावही हरवली आहे.

ही उणीव फिशरने पुढे आपल्या आयुष्याने भरून काढली. 2000 साली तिने अमेरिकी टीव्हीवर आपल्या आजाराबद्दल उघड सांगितलं. ‘विशफुल ड्रिंकिंग’ (2008) आणि ‘शॉकाहोलिक’ (2011) या पुस्तकांत ती आणखी पुढे गेली. ज्या शॉक ट्रीटमेंटला आपल्या हिंदी सिनेमाने बहुतेक वेळा छळ म्हणूनच दाखवलं, तिचा स्वतःला उपयोग झाला आणि स्मरणशक्तीचं नुकसानही झालं, हे दोन्ही कॅरीने लिहिलं. ती लोकांना हसवत राहिली, कारण तिला कीव नको होती. 27 डिसेंबर 2016 रोजी कॅरी गेली, दुसऱ्याच दिवशी डेबी. कॅरीच्या अस्थी प्रोझॅक या नैराश्यावरच्या औषधाच्या गोळीच्या आकाराच्या पात्रात ठेवल्या गेल्या.

या दोन मृत्यूंनंतर हा चित्रपट खऱ्या मायलेकींची कथा म्हणून पाहण्याचा मोह होतो. डोरिस म्हणजे डेबी नव्हे, असं कॅरी सांगत आली होती. तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा. चित्रपट पाहिला असेल, तर कादंबरीही मिळवा आणि अ‍ॅलेक्सची पानं सावकाश वाचा. चित्रपटात ती कुठेच सापडणार नाहीत.