पडद्याची आसक्ती आणि उपहासाची शब्दकळा

एखाद्या नव्या सवयीची समाजाला धास्ती वाटू लागली की भाषा प्रथम तिची थट्टा करते. दूरचित्रवाणीच्या काळात ‘इडियट बॉक्स’ हा शब्द असाच रूढ झाला. मोबाइलच्या पडद्याने या शब्दकुळात मोठी भर घातली. अशा शब्दांतील विनोद सहज दाद मिळवतो. तथापि त्याचे लक्ष्य कोण, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा.

‘क्रॅकबेरी’ या शब्दाने ब्लॅकबेरी यंत्राची सांगड क्रॅक या कोकेनजन्य मादक द्रव्याशी घातली. वेबस्टर्स न्यू वर्ल्ड कॉलेज डिक्शनरीने २००६ मध्ये त्याची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली. येथे उपहासाचा रोख निदान यंत्राकडे होता. २०१५ मध्ये जर्मनीत ‘युवकांचा शब्द’ ठरलेल्या ‘स्मोम्बी’मध्ये मात्र स्मार्टफोनधारकच झोम्बी, म्हणजे चालते प्रेत होतो. तरुण हा शब्द खरोखर वापरतात काय, अशी शंका तेथेच घेतली गेली, हे सूचक आहे. ‘फबिंग’ची कथाही अशीच. फोनपायी समोरच्या व्यक्तीची उपेक्षा करणे, हा त्याचा अर्थ. तो लोकमुखातून आलेला नाही. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी शब्दकोशाच्या जाहिरात मोहिमेसाठी तो घडविण्यात आला. वरकरणी अपभाषा वाटणारे हे शब्द वस्तुतः शिष्टाचाराचे धडे देतात.

ऑक्सफर्डने २०२४ साठी निवडलेला ‘ब्रेन रॉट’ वेगळा आहे. थोरोच्या ‘वॉल्डन’मध्ये (१८५४) आढळणारा हा शब्दप्रयोग आजचे तरुण स्वतःच्याच पाहण्याविषयी हसत वापरतात. परंतु आत्मोपहासात कबुलीइतकीच पळवाटही असते.

या शब्दांचे कार्य नाकारता येणार नाही. सवयीला नाव मिळाले की तिची चर्चा शक्य होते. ‘फबिंग’ तर मानसशास्त्रीय संशोधनाची संज्ञा बनला. मर्यादा आहे ती दृष्टीची. एझा रास्किन यांनी २००६ मध्ये रचलेल्या ‘इन्फिनिट स्क्रोल’ने पानाचा शेवटच काढून टाकला. ‘डूमस्क्रोलिंग’ या शब्दात त्या सरकण्याचा उल्लेख येतो. पण त्या क्रियेचा कर्ता वाचकच राहतो, रचनाकार नव्हे.

वर्गात मान खाली घालून बसलेल्या विद्यार्थ्याला ‘झोम्बी’ म्हणणाऱ्या अध्यापकाने म्हणूनच क्षणभर थांबावे. थट्टेने सवय दिसते. ती जोपासणारी व्यवस्था मात्र दिसत नाही. तिला नाव देणारा शब्द घडविणे, हे भाषेचे अपुरे राहिलेले काम आहे.