नजरेचा डाव

फ्रिट्झ लांगचा ‘डॉ. माबुझे, जुगारी’ हा १९२२चा जर्मन मूकपट सुरू होतो तो पत्ते पिसण्यानं. या पत्त्यांवर राजा-राणी नाहीत, एकाच माणसाचे वेगवेगळ्या सोंगांतले फोटो आहेत. आज कोणतं सोंग घ्यायचं, ते माबुझे त्यातून ठरवतो. म्हणजे गुन्हेगार कोण हे लपवलेलंच नाही. सरकारी वकील फॉन वेंक ज्याच्या मागावर आहे, तो आपल्याला पहिल्यापासून दिसतो. तरीही साडेचार तास खिळवून ठेवणारा हा पाठलाग आहे, कारण झुंज संमोहित करणाऱ्या नजरेची आहे.

धावत्या रेल्वेतून एका व्यापारी कराराची चोरी होते. बॅग फेकली जाते, ती नेमकी पुलाखालून जाणाऱ्या मोटारीत पडते. चोरीच्या बातमीनं शेअर बाजार कोसळतो, माबुझे स्वस्तात खरेदी करतो. मग करार सापडल्याची बातमी येते आणि तो चढ्या भावानं विकतो. सोयाबीनचा भाव एका बातमीसरशी उतरलेला पाहणाऱ्या आमच्या उंद्री गावच्या शेतकऱ्याला हा प्रसंग पडद्यावरच्या पाट्या न वाचताही कळेल. प्रसंगाच्या शेवटी बाजाराच्या रिकाम्या दालनात कागदांचा कचरा उरतो आणि त्यावर माबुझेचा चेहरा उमटतो. लुटीचं इतकं नेमकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

जुगाराच्या टेबलावर वेंक आणि माबुझे समोरासमोर येतात, दोघंही वेषांतरात. भोवतालचा उजेड विझतो, माबुझेचा चेहरा तेवढा मोठा मोठा होत पडदा व्यापतो. रुडॉल्फ क्लाइन-रोगेच्या डोळ्यांनाच इथं संवादाचं काम आहे. मूकपणा ही उणीव वाटत नाही. आवाज असता तर ही दहशत निम्मी झाली असती. वेंक त्या वेळी कसाबसा सावरतो. पुढे मात्र तो संमोहित होऊन मोटार खाणीच्या दिशेनं हाकतो आणि माबुझेचा हुकूम अक्षरं होऊन रस्त्यावर चमकत राहतो.

पटकथेत लांगबरोबर थिआ फॉन हार्बू होती. याच हार्बूनं पुढे बेळगावकडचे मराठी पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी गुपचूप लग्न केलं. नॉर्बर्ट जाकच्या कादंबरीवरून रचलेल्या या पटकथेचा शेवट विलक्षण आहे. पळता पळता माबुझे स्वतःच्याच खोट्या नोटांच्या कारखान्यात कोंडला जातो. तिथले कामगार आंधळे. ज्याची सारी सत्ता डोळ्यांत, त्याच्याकडे पाहणारं कुणी उरत नाही. मेलेली माणसं मात्र त्याला दिसू लागतात आणि पत्त्यांच्या डावात त्याला लबाड ठरवतात. वेंक पोचतो तेव्हा नोटांच्या ढिगात एक वेडा बसलेला असतो. पकडणाऱ्याच्या हुशारीपेक्षा हा पराभव मला जास्त न्यायाचा वाटतो.

बर्लिनमध्ये याचे दोन भाग २७ एप्रिल आणि २६ मे १९२२ला लागले. तुम्हीही ते दोन रात्रींत वाटून पाहा. दुसरा भाग मध्ये रेंगाळतो. तिथं कंटाळून बंद करू नका, तो आंधळ्यांचा प्रसंग त्यापुढे आहे.