कर्नलसाठी प्रोग्रामिंग भाषेची निवड : एक चिकित्सा

प्रस्तावना

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. साध्या प्रोग्राममधील चूक सामान्यतः त्या प्रोग्रामपुरती राहते. कर्नलमधील चूक मात्र संपूर्ण संगणकाला भोवते. अशा कर्नलसाठी कोणती भाषा निवडावी, या प्रश्नाचे ‘सी’ हे उत्तर अनेक वर्षे गृहीत धरले गेले. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची, तसेच त्याविरुद्ध मांडल्या जाणाऱ्या दाव्यांची चिकित्सा केली आहे.

परंपरेचा युक्तिवाद

सी भाषेच्या बाजूने बहुधा परंपरेचा दाखला दिला जातो. परंतु इतिहास त्यास पुरती साथ देत नाही. १९६० च्या दशकातच बरोज कंपनीने अल्गोलवर आधारित भाषेत, तर मल्टिक्सच्या निर्मात्यांनी पीएल/वनमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती. बेल लॅब्जमधील युनिक्स १९६९ मध्ये असेम्ब्ली भाषेत साकारले आणि १९७३ मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिले गेले. नवी प्रणाली आकाराने सुमारे एक तृतीयांशाने वाढली, हे रिची व थॉम्पसन यांनी १९७४ च्या शोधनिबंधात नमूद केले. मात्र ती समजण्यास व बदलण्यास सोपी झाली आणि तिच्यात नव्या सुविधाही आल्या, म्हणून ही वाढ त्यांनी मान्य केली. अर्थात सी भाषेची निवड हा मुळात लाभ-हानीचा विचार करून केलेला परंपराभंगच होता.

शिस्तीच्या मर्यादा

सी भाषेत मेमरी सांभाळण्याची जबाबदारी प्रोग्रामरवर असते. मुक्त केलेल्या मेमरीचा पुन्हा वापर किंवा मर्यादेबाहेरचे लेखन कंपायलर सहसा अडवत नाही. ‘शिस्त पाळली तर चुका होत नाहीत’ असे यावर म्हटले जाते. तथापि, आपल्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीशी निगडित असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. हा आकडा केवळ कर्नलचा नसला, तरी अनुभवी अभियंत्यांचीही शिस्त अपुरी पडते हे त्यातून दिसते.

दोन पर्याय

ही जबाबदारी गार्बेज कलेक्शनवर सोपवणे हा पहिला पर्याय. एमआयटीमध्ये गो भाषेत लिहिलेल्या ‘बिस्किट’ या कर्नलच्या २०१८ मधील अभ्यासात, जवळजवळ समान कोडची तुलना करता गो भाषेतील कोड सी भाषेतील कोडपेक्षा ५ ते १५ टक्के मंद आढळला. शिवाय मेमरी संपल्याची सूचना गो भाषा प्रोग्रामला देत नसल्याने त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागली. इतरांना मेमरी पुरवणाऱ्या कर्नलच्या बाबतीत ही अडचण किरकोळ नव्हे.

दुसरा पर्याय रस्ट भाषेचा. येथे मेमरीच्या मालकीचे नियम कंपायलर आधीच तपासतो. डिसेंबर २०२२ मधील लिनक्स ६.१ मध्ये या भाषेला प्रारंभिक स्थान मिळाले. परंतु ‘रस्ट म्हणजे पूर्ण सुरक्षितता’ हा दावाही तपासून घ्यावा लागतो. यंत्रसामग्रीशी थेट व्यवहार करताना ‘अनसेफ’ कोड टाळता येत नाही. लिनक्समधील रस्ट कोडमध्ये अधिकृतपणे नोंदली गेलेली पहिली सुरक्षात्रुटी डिसेंबर २०२५ मध्ये समोर आली, ती अशाच कोडशी संबंधित होती.

याहून महत्त्वाचा प्रश्न दोन भाषांच्या सीमेवर उभा राहतो. सी भाषेतील फंक्शन वापरताना मेमरी कोणी मुक्त करायची, कोणते लॉक आधी घ्यायचे, हे संकेत पुष्कळदा लिहिलेले नसतात. ते जाणकारांच्या स्मरणात असतात. रस्टमधून ते फंक्शन वापरायचे तर हे संकेत स्पष्ट मांडावे लागतात. मूळ कोड बदलल्यावर ही मांडणी कोणी सांभाळायची, यावरून लिनक्सच्या विकासकांत २०२४ व २०२५ मध्ये तीव्र मतभेद झाले. त्यांकडे केवळ नव्या-जुन्यांचा वाद म्हणून पाहणे अपुरे ठरते. वाद श्रमविभागणीचाही होता.

निष्कर्ष

भाषेची निवड म्हणजे मेमरीची जबाबदारी प्रोग्रामर, चालू यंत्रणा व कंपायलर यांपैकी कोणावर टाकायची याची निवड होय. जुना कोड सरसकट बदलण्याचीही गरज नाही. अँड्रॉइडमध्ये नवा कोड प्रामुख्याने मेमरी-सुरक्षित भाषांत लिहिल्यावर मेमरीविषयक त्रुटींचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचे गूगलने नमूद केले आहे. अध्यापनातही याची दखल घेणे इष्ट ठरेल. सी भाषेतील ‘एक्सव्ही६’सारखे छोटे कर्नल शिकवणे आजही उपयुक्त आहे, मात्र त्यासोबत त्या कोडमधील अलिखित संकेत शोधून लिहिण्याचा अभ्यास विद्यार्थ्यांना दिला, तर सी ही एक निवड होती आणि तिची किंमत काय होती, हे त्यांच्या लक्षात येईल.