‘पूर्ववैमनस्य’ : एका शब्दाची तपासणी

मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर एक शब्द कायमचा मुक्कामाला आहे. ‘पूर्ववैमनस्यातून हाणामारी’, ‘पूर्ववैमनस्यातून खून’, ‘पूर्ववैमनस्यातून वस्तीवर हल्ला’. पहिल्या दोन घटना आणि तिसरी यांत काही फरक आहे, हे तो शब्द वाचकाला जाणवू देत नाही. आपली समीक्षा कवितेतल्या प्रतिमा उकलीत बसते. बातमीतला हा शब्द मात्र कोणी हाती घेत नाही. मी मराठी शिकवतो. आमच्या घरात पुस्तकी मराठी माझ्यापासूनच सुरू झाली, म्हणूनही असेल, पण असे गुळगुळीत शब्द माझ्या घशाखाली सहज उतरत नाहीत.

लांबलेल्या भांडणासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. वैर आहे, हाडवैर आहे, दावा आहे, वितुष्ट आहे, भाऊबंदकी आहे. यांतला ‘वैर’ हा शब्द ‘वीर’ या शब्दापासून आला. वैर हे वीरांचे कर्म! म्हणजे ते करण्याचीही योग्यता लागते. आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाला मारले तर वैर फेडण्यासाठी हजार गायी द्याव्यात, वैश्याला मारले तर शंभर आणि शूद्राला मारले तर दहा, असा दर बांधून दिला आहे. पुढे तेच सूत्र सांगते की कावळा, बेडूक, मुंगूस, कुत्रा यांना मारले तर शूद्रवधाचेच प्रायश्चित्त घ्यावे. जो वर्णाबाहेर, गावकुसाबाहेर, त्याचा या दरपत्रकात पत्ताच नाही. त्याच्याशी वैर होऊच शकत नव्हते.

‘भाऊबंदकी’ची गोष्ट याहून बोलकी आहे. या शब्दात भांडण कुठेच नाही. आहे ते नुसते नाते. पण वाटून घ्यायला वतन असले, वाडा असला, गादी असली की नाते हेच भांडण होते, आणि भाषेने ते प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. त्यावर खाडिलकरांनी १९०९ साली नाटक लिहिले आणि त्याचे नावच ‘भाऊबंदकी’ ठेवले. पेशव्याच्या घरातले भांडण शोकात्म नाट्याचा विषय होते, इतिहास होते. हाडकी-हाडवळ्याच्या चतकोर तुकड्यासाठी आमच्या आज्या-पणज्यांनीही एकमेकांची डोकी फोडली. तीही भाऊबंदकीच, फक्त तिला नाटककार मिळाला नाही. (१९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात फूट पडली की वृत्तपत्रे ‘भाऊबंदकी’ म्हणून चिमटा काढतात. त्याचा मला फारसा राग येत नाही. आमच्याकडे वाटून घेण्याजोगा वारसा आहे, एवढे तरी त्यात कबूल होते.)

तात्पर्य, हे सगळे शब्द बरोबरीच्यांचे आहेत. दोन पाटलांत वैर असते. दोन घरांत बांधावरून दावा चालतो; दरवर्षी नांगराचे एक तास इकडचे तिकडे होते, तहसील कचेरीत तारखा पडतात, पोरे बापाचे भांडण पुढे चालवतात. आमच्या वस्तीत मात्र गावाने जे केले त्याला म्हातारी माणसे वैर म्हणत नसत. ‘गाव उठलं’, ‘गावानं पाणी तोडलं’, ‘गावानं वाळीत टाकलं’, असे ती सांगत. या वाक्यांना कर्ता आहे. ‘पूर्ववैमनस्यातून’ या पंचमीत तो नाहीसा होतो. ‘वैमनस्य’ म्हणजे मन बिघडणे. मन कोणाचे बिघडले? दोघांचेही, असेच वाचणाऱ्याला वाटते. ज्याला एरव्ही बरोबरीने पाराला टेकू देत नाहीत, त्याला त्याच्याच प्रेतावर मात्र बरोबरीचा वैरी ठरवले जाते.

खैरलांजीचे काय झाले ते पाहावे. भंडारा जिल्ह्यातल्या या गावात बौद्धांची घरे बोटांवर मोजण्याइतकी. भोतमांगे कुटुंबाच्या शेतातून रस्ता हवा म्हणून तंटा होता. ३ सप्टेंबर २००६ रोजी दुसऱ्या एका गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली आणि सुरेखा व प्रियांका त्या प्रकरणात साक्षीला उभ्या राहिल्या. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी जमावाने सुरेखा, प्रियांका, सुधीर आणि रोशन यांना ठार केले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली आणि कारण जात नव्हे, सूड, हे कायम केले.

सूड होता हे मलाही मान्य आहे. पण कशाचा? बौद्ध बाईने जमीन राखली, रस्ता नाकारला, वर पोलिसांपुढे बोट दाखवून नावे सांगितली, याचा. हेच एखाद्या सवर्ण शेजारणीने केले असते तर दिवाणी दावा वीस वर्षे चालला असता. वैर घराचे घराशी असते. इथे एका घरावर जमाव चालून आला.

शब्दाचा हा खेळ कायद्यातही खेळला गेला. १९८९च्या कायद्यातल्या कलम ३(२)(५) मध्ये गुन्हा पीडिताच्या जातीच्या ‘कारणावरून’ घडला पाहिजे, अशी अट होती. बचाव पक्षाला एवढेच दाखवायचे असे की कारण जुने भांडण होते. २०१५च्या दुरुस्तीने ही अट बदलली. आता आरोपीला जात माहीत होती एवढे पुरते. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. ती त्या एका कलमापुरती. अपमानाच्या कलमाबाबत २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडातल्या एका प्रकरणात, वाद जमिनीच्या ताब्याचा आहे, याला महत्त्व देऊन ॲट्रॉसिटीचा आरोप काढून टाकला.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे फिर्यादीच्या पहिल्या पानाविषयी आहे. ठाण्यात हमखास प्रश्न येतो, ‘आधीचं काही भांडण होतं का?’ घाबरलेला माणूस ‘होतं’ म्हणतो आणि लिहिणारा ‘पूर्ववैमनस्य’ लिहून मोकळा होतो. त्या जागी कोणी रस्ता अडवला, कोणी पाणी बंद केले, जातीचे नाव घेऊन कोण काय बोलले, हे तारखेनिशी, नावानिशी लिहायला लावावे. फिर्याद सहीपूर्वी वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची प्रत फुकट मिळते. वाचताना तो शब्द ऐकू आला, तर सही करण्याआधी बदलून घ्यावा.