इंटरनेटचे सार्वभौमत्व आणि बहिष्कृत माणूस

इंटरनेटवर सत्ता कुणाची असावी, या प्रश्नावर गेली तीस वर्षे जगात वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, हे माध्यम राष्ट्रांच्या सीमा मानत नाही. म्हणून कोणत्याही सरकारचा हात त्याला लागू नये. दुसरा पक्ष म्हणतो, प्रत्येक राष्ट्र आपल्या भूमीवर सार्वभौम आहे; म्हणून तेथील तारा, सर्व्हर आणि माणसे यांच्यावर अंतिम अधिकार राष्ट्राचाच. पहिल्या पक्षाला कुणी स्वातंत्र्याचा कैवारी म्हणतात, कुणी अमेरिकेचा हस्तक. दुसऱ्याला कुणी वसाहतवादाचा शत्रू म्हणतात, कुणी हुकूमशहा. मला या दोन्ही पक्षांविषयी एकच मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. दोघांच्याही विचारात समाज नाही. एकाला फक्त व्यक्ती दिसते, दुसऱ्याला फक्त राष्ट्र. या दोहोंच्या मध्ये जी विषमताधिष्ठित समाजरचना पसरलेली आहे, जिने आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे ठरविले, ती या वादात गैरहजर आहे.

पहिल्या पक्षाचा सर्वांत गाजलेला दस्तऐवज म्हणजे जॉन पेरी बार्लो यांचा सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा. बार्लो हे वायोमिंगमधील पशुपालक आणि ‘ग्रेटफुल डेड’ या संगीतवृंदाचे गीतकार. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यांनी हा जाहीरनामा स्वित्झर्लंडमधील दावोस येथे लिहिला. त्याच दिवशी अमेरिकेच्या दूरसंचार कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली होती. अश्लीलतेला आळा घालण्याच्या नावाखाली त्या कायद्यात अभिव्यक्तीवर बंधने आली होती. बार्लोंचा संताप खरा होता आणि रास्तही होता. पुढच्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यातील मुख्य तरतुदी रद्द ठरविल्या. तेव्हा या जाहीरनाम्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्यातील ‘आम्ही’बद्दल.

हा ‘आम्ही’ सरकारांना उद्देशून बोलतो. आमच्यावर तुमची सत्ता नाही, आमचा सामाजिक करार आम्हीच करू, असे तो बजावतो. जेथे वंश, धन, शस्त्रबळ किंवा जन्माने मिळालेले स्थान यांचा अडसर न येता कुणालाही प्रवेश मिळेल असे जग आम्ही घडवीत आहोत, असा त्याचा दावा आहे. तेथे देह नाहीत, म्हणून देहाला लागणारी बळजबरीही नाही, असे त्याचे तर्कशास्त्र आहे. जन्माने मिळालेले स्थान! हे शब्द आपण वाचतो तेव्हा थबकतो. कारण जात ही देहावर दिसणारी गोष्ट कधीच नव्हती. जात नावात असते, आडनावात असते, गावाच्या नावात असते, भाषेच्या हेलात असते. देह गळून पडला तरी आडनाव पडद्यावर उरतेच. ज्या समाजात पहिल्या भेटीत ‘आपले आडनाव काय?’ असा प्रश्न येतो, त्या समाजाने देहाविना जगात प्रवेश केला म्हणून तो जन्म विसरून आत जाईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

आणि हा ‘आपला कारभार आपणच पाहू’ असा विचार तरी आपल्याला कुठे नवा आहे? ग्रामस्वराज्याच्या नावाने तो आपण पुष्कळ ऐकला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले होते. खेड्यांच्या गणराज्यांचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी खेडे म्हणजे काय ते सुनावले आणि घटनेने खेडे टाकून व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. बाहेरचा राजा नसलेले गाव म्हणजे मुक्त गाव नव्हे. राजा नसेल तेथे पाटील असतो, आणि पाटलाच्या निवाड्यावर गावकुसाबाहेरच्याला अपील नसते.

जुलै २०१६मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून झोडपण्यात आले. त्याचे चित्रण मारणाऱ्यांनीच केले आणि मोठ्या अभिमानाने पसरविले. ही सरकारी सेन्सॉरशिप नव्हती. हा त्या ‘मुक्त’ अवकाशाचा गावगाडा होता. पण तेच चित्रण देशभर पोहोचले, त्यातून मोर्चे निघाले, आणि मेलेली जनावरे यापुढे उचलणार नाही असा निर्धार झाला, हेही तितकेच खरे आहे. साधन एकच, त्याने मारणाऱ्यालाही आवाज दिला आणि मार खाणाऱ्यालाही. बार्लोंच्या जाहीरनाम्यात यातला फक्त दुसरा अर्धा भाग आहे.

शिवाय ज्या काळात हे स्वातंत्र्य घोषित झाले त्या काळातही मूळ किल्ली कुणाच्या हाती होती? इंटरनेटवरील प्रत्येक नावाचा पत्ता शेवटी एका मूळ यादीपाशी जाऊन ठरतो. ही यादी अनेक वर्षे जॉन पोस्टेल नावाचा एक अभियंता कॅलिफोर्नियातील विद्यापीठाच्या संस्थेत बसून सांभाळीत असे. जानेवारी १९९८मध्ये त्याने मूळ सर्व्हर चालविणाऱ्यांपैकी आठ जणांना ही यादी सरकारी कंत्राटदाराऐवजी आपल्या यंत्रावरून घेण्यास सांगितले, आणि त्यांनी ते केलेही. अमेरिकी सरकारने दटावताच ते मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी ‘आयकॅन’ ही संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली. २०१६च्या सप्टेंबर अखेरपर्यंत ही संस्था त्या यादीचे काम अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या कराराखाली पाहत होती. म्हणजे ज्याला राज्य नाही असे म्हटले गेले त्याला राज्य होते. ते फक्त एकाच देशाचे होते, म्हणून त्या देशातील माणसाला ते जाणवत नव्हते.

येथे दुसरा पक्ष आपले म्हणणे मांडतो, आणि त्यात तथ्य आहे. एकाच राष्ट्राच्या खात्याने जगाची यादी का सांभाळावी? २००३मध्ये जिनिव्हा आणि २००५मध्ये ट्युनिस येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या माहिती समाज परिषदांत हाच प्रश्न पेटला. ट्युनिसच्या अंतिम मसुद्याने इंटरनेटच्या कारभारात सरकारे, खाजगी क्षेत्र आणि नागरी समाज यांना आपापल्या भूमिका दिल्या. पण सार्वजनिक धोरण ठरविणे हा राज्यांचा सार्वभौम हक्क असल्याचेही नमूद केले. भारताने ऑक्टोबर २०११मध्ये संयुक्त राष्ट्रांत पन्नास राष्ट्रांची समिती नेमावी असा प्रस्ताव मांडला. २०१५मध्ये भूमिका बदलून सर्व हितसंबंधीयांच्या सहभागाला पाठिंबा दिला. चीनने सायबर सार्वभौमत्व हे तत्त्वच केले. रशियाने २०१९मध्ये तसा कायदा केला.

पण ‘सार्वभौम हक्क’ हा शब्द कानी पडला की मला २००१ साल आठवते. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तेथे नेला. भारत सरकारने त्याला विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे सांगितले. गोऱ्या राष्ट्रांविरुद्ध ढाल म्हणून उचललेले सार्वभौमत्व आपल्याच नागरिकांच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी कसे वापरता येते, याचा तो धडा होता. ‘घरातले भांडण घरात’ असे म्हणणारा नेहमी घराचा मालक असतो, हे विसरता येत नाही.

इंटरनेटच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. त्याविरुद्ध २ एप्रिलला भारत बंद झाला. त्याची हाक मोठ्या प्रमाणावर फोनवरूनच गावोगाव गेली. पंजाबात आदल्या संध्याकाळपासूनच मोबाइल इंटरनेट बंद झाले. राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातही जागोजागी ते बंद करण्यात आले. त्या दिवशी माणसे मेली. ग्वाल्हेरात पिस्तूल झाडणारा माणूस देशाला दिसला तो कुणीतरी काढलेल्या चित्रणामुळे. त्याआधी मे २०१७मध्ये सहारनपूर जिल्ह्यात शब्बीरपूरच्या दलित वस्तीची जाळपोळ झाली, तणाव वाढला आणि इंटरनेट तोडले गेले. शांततेसाठी, असे कारण देण्यात येते. अफवा पसरतात हे मी नाकारीत नाही. पण ज्याच्या घराला आग लागली त्याच्याकडे दूरच्या माणसाला हाक मारण्याचे दुसरे साधन कोणते? जमावाला इंटरनेट लागत नाही. जमाव शेजारीच राहतो.

हे बंद करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. २०१७च्या नियमांनी गृहसचिवांना आदेश काढण्याचा अधिकार दिला, आणि तो आदेश तपासणाऱ्या समितीतही सचिवच बसविले. २०२४मध्ये नवे नियम आले. त्यांतही तपासणी अधिकाऱ्यांकडेच राहिली. जानेवारी २०२०मध्ये काश्मीरच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही असे सांगितले; तरी त्यानंतरही काश्मीरला पूर्ण वेगाचे मोबाइल इंटरनेट मिळण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडले. आणि एखादा मजकूर अडविण्याच्या २००९च्या नियमांत तर कार्यवाही गुप्त ठेवण्याची तरतूदच आहे. शिक्षा झालेल्याला आरोप कळू नये, ही पद्धत आपल्याला मनुस्मृतीच्या काळापासून ओळखीची आहे.

मग आंतरराष्ट्रीय टेबल तरी न्यायाचे आहे काय? अ‍ॅमेझॉन या नावाचा खटला पाहा. २०१२मध्ये या नावाच्या कंपनीने ‘डॉट अ‍ॅमेझॉन’ हे शेवटचे नाव आपल्यासाठी मागितले. ब्राझील आणि पेरू यांनी हरकत घेतली. हे आमच्या नदीचे व प्रदेशाचे नाव आहे, असे ते म्हणाले. सरकारांच्या सल्लागार समितीचा सल्ला मानून आयकॅनने २०१४मध्ये कंपनीची मागणी फेटाळली. कंपनी पुनर्विलोकनात गेली, २०१७मध्ये तिच्या बाजूने निर्णय झाला आणि २०१९मध्ये आयकॅनने कंपनीचा मार्ग मोकळा केला. राष्ट्रे हरली, कंपनी जिंकली, एवढाच याचा अर्थ सर्वत्र लावण्यात आला. पण मूळ प्रश्न कुणी विचारला नाही. अ‍ॅमेझॉन हे नाव ग्रीक दंतकथेतील लढवय्या स्त्रियांवरून सोळाव्या शतकातील स्पॅनिश आक्रमकांनी त्या नदीला दिले. त्या काठावरच्या आदिवासींच्या भाषांत तिला त्यांची स्वतःची नावे आहेत. भांडणाचे पक्षकार दोन: एक कंपनी आणि दुसरी आक्रमकांची वारस सरकारे. नदीकाठचा माणूस दोन्हींकडे नाही.

नावाचे हे राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको. जुलै १९७८मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. नाव देण्याचा अधिकार म्हणजे सत्ता, हे आपण रक्त देऊन शिकलो आहोत. म्हणूनच मूळ यादी कुणाच्या हातात, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक असल्याचे मी मानीत नाही.

राहिल्या कंपन्या. एरवी त्या स्वतःला जगाची चावडी म्हणवितात. पण जातीय शिव्यांची तक्रार घेऊन गेलात की हे आमचे खाजगी आवार आहे, नियम आमचे, असे उत्तर मिळते. काहींनी आपल्या नियमांत ‘जात’ हा शब्द घातला आहे. पण मराठीतली कोणती शिवी कोणत्या जातीला भोसकते, ते ओळखणारा माणूस तेथे निवाड्याला बसला आहे काय? हे उत्तर आपण महाडला ऐकलेले आहे. १९२३मध्ये कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे खुले केले, १९२४मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, तरी पाण्याला हात लागला तो १९२७च्या सत्याग्रहात. आणि हात लागताच नगरपालिकेने ठराव मागे घेतला, सनातनी कोर्टात गेले आणि म्हणाले, हे तळे खाजगी आहे. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. सार्वजनिक म्हणायचे आणि बहिष्कृत आला की खाजगी ठरवायचे, ही युक्ती इतकी जुनी आहे.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? बार्लोंचे स्वातंत्र्य आणि राज्याचे सार्वभौमत्व यांतून एक निवडा, असा आग्रह आपण नाकारला पाहिजे. १९३१च्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी सर्व भारताच्या, अस्पृश्यांच्याही वतीने बोलण्याचा दावा केला, तेव्हा बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. आणि म्हणून ते ब्रिटिशांचे झाले नाहीत. त्यांनी तिसरी जागा मागितली. इंटरनेटच्या कारभारातही राष्ट्र आमच्या वतीने बोलेल हे आपण गृहीत धरू नये, आणि ‘नागरी समाज’ नावाची इंग्रजी बोलणारी मंडळीही आपोआप आमची प्रतिनिधी ठरत नाहीत.

आपल्याला राज्य हवे आहे. राज्याचा कायदा नसता तर अत्याचाराची फिर्याद तरी कुठे नोंदविली असती? पण ते आपल्याला उत्तर देणारे राज्य हवे. बंदीचा आदेश लेखी हवा, कारणासह हवा आणि त्याच्यावर अपील सचिवांबाहेरच्या माणसाकडे हवे. आपल्याला आंतरराष्ट्रीय नियमही हवेत, पण जन्मावर आधारलेला भेदभाव ‘अंतर्गत बाब’ म्हणून त्यांतून वगळता येणार नाही असे. आणि कंपन्यांचे आवार हे पाणवठे आहेत, हे कायद्याने ठरले पाहिजे. कोणत्याही नव्या व्यवस्थेला आपण एकच मानदंड लावावा: गावकुसाबाहेरच्या माणसाला तेथे पाणी मिळते काय, आणि नाकारले तर दाद मागता येते काय? यावर ज्या व्यवस्थेचे उत्तर ‘नाही’ असेल तिला कुणी मुक्त म्हणो वा सार्वभौम, आपला नकार तिला कळविला पाहिजे.